‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे. कमांड ऐकू येतात तशा देवनागरीत दिल्या आहेत, मशीनवर टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

 

आज मी घरून नाही, साजगावातून बोलतोय. खालापूर तालुक्यातलं, खोपोलीला लागून असलेलं साजगाव. मावशीच्या घरी मागच्या खोलीत बसलोय, त्यामुळे मध्येच कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्तिकी एकादशीपासून इथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि ती पंधरा दिवस चालते. नाव ऐकून हसू नका. विठोबाची यात्रा, आणि तिच्यात बाजार सुक्या मासळीचा. बोंबील, सुकट, जवळा, सगळं. दर वर्षी मी मावशीबरोबर या बाजारात जातो, पिशव्या धरायला. मावशीची खरेदी बघण्यासारखी असते. ढिगाच्या वरचा बोंबील ती कधीच घेत नाही. हात आत घालून खालचा काढते, मोडून बघते, वास घेते. मग विचारते, “माल कुठला?” आणि एवढं सगळं करून घेते मात्र ठरलेल्या दोन-तीन पालांवरूनच.

हे आज का सांगतोय? कारण आजचा विषय आहे लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं टाकणं आणि ती अपडेट करणं. आणि मी एकदा मावशीच्याच मुलीच्या लॅपटॉपवर, ढिगाच्या खाली न बघता, सगळा माल उचलला होता. तिच्या व्हायव्हाच्या आदल्या रात्री.

काळा पडदा

मार्च २०२४ची गोष्ट. माझी मावसबहीण तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट होता बचत गटाच्या हिशेबाची वेबसाइट. पायथनमध्ये, फ्लास्क वापरून. कल्पना मावशीच्या गटावरूनच आलेली: कोणी किती भरले, कर्ज कोणाला दिलं, व्याज किती, हे वहीऐवजी फोनवर दिसावं. छोटं काम, पण मनापासून केलेलं.

लॅपटॉप जुना. त्यावर लिनक्स मीच टाकून दिलं होतं. आणि इथेच माझी पहिली चूक. डेबियन टाकलं ते ठीक, पण डेबियनची ‘अनस्टेबल’ शाखा टाकली. का? कारण माझ्या मशीनवर तीच होती, आणि नवीन ते चांगलं असं डोक्यात बसलेलं.

या शाखेचं दुसरं नाव ‘सिड’. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. बाकीची नावं आवृत्तीगणिक बदलतात, सिड मात्र कायम सिडच राहतो. सिनेमात सिड कोण आहे? शेजारचा तो पोरगा, जो खेळणी मोडतो. म्हणजे नावातच इशारा होता. आम्ही तो गंमत म्हणून सोडून दिला.

तर व्हायव्हाची आदली संध्याकाळ. मी कर्जतहून खोपोली लोकल पकडून आलो, मावशीच्या हातचं जेवलो आणि बहिणीला म्हणालो, “मशीन जरा अपडेट करून देतो, उद्या काही अडायला नको.”

ती म्हणाली, “दादा, चालतंय ना सगळं? मग राहू दे ना.”

मी म्हणालो, “अगं, पाच मिनिटांचं काम.”

सुडो ॲप्ट अपडेट केलं. मग सुडो ॲप्ट फुल डॅश अपग्रेड. पडद्यावर भलीमोठी यादी सरकत गेली आणि शेवटी प्रश्न आला: पुढे जायचं का, वाय की एन? मी वाय दाबलं. यादी वाचली नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवला आणि बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसलो.

परत येऊन मशीन रीस्टार्ट केलं, तर समोर काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: लॉगिन. डेस्कटॉप नाही, माउस नाही, ब्राउझर नाही.

बहीण काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

अपडेट वेगळं, अपग्रेड वेगळं

नेमकं काय झालं ते समजायला आधी दोन-तीन गोष्टी स्पष्ट करूया. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं चहा घ्या.

फोनवर ॲप टाकलं की त्याला लागणारं बहुतेक सगळं त्याच्या पोटातच असतं. लिनक्सवर तसं नसतं. इथे एक पॅकेज दुसऱ्यावर उभं असतं, दुसरं तिसऱ्यावर. ब्राउझरला अक्षरं दाखवणारी लायब्ररी लागते, तीच लायब्ररी टेक्स्ट एडिटरलाही लागते. ती एकदाच टाकायची आणि सगळ्यांनी वापरायची. याला डिपेन्डन्सी म्हणतात. जागा वाचते, आणि लायब्ररीत एखादं भोक सापडलं तर एकाच ठिकाणी बुजवता येतं. पण त्याच लायब्ररीला धक्का लागला तर वर उभे असलेले सगळेच हलतात.

हे सगळं सांभाळतो तो पॅकेज मॅनेजर. डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यावर ॲप्ट, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन. आज मी ॲप्टबद्दल बोलतोय, पण विचार सगळीकडे तोच.

आता तीन कमांड नीट लक्षात ठेवा.

ॲप्ट अपडेट. ही काहीच टाकत नाही. फक्त दुकानातली ताजी यादी आणते: कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती. बाजारात जाण्याआधी फोन करून भाव विचारावा तसं.

ॲप्ट अपग्रेड. ही असलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या टाकते, गरज पडली तर एखादं नवीन पॅकेजही आणते. पण असलेलं काहीही काढत नाही. काढल्याशिवाय जमत नसेल तर ते पॅकेज तसंच मागे ठेवते.

ॲप्ट फुल डॅश अपग्रेड. हिला काढण्याचीही मुभा आहे. नवीन बसवण्यासाठी जुनं हटवावं लागलं तर ती हटवते. अर्थात तुम्हाला विचारून. आणि विचारण्याची पद्धत म्हणजे तीच यादी, जी मी वाचली नाही.

तो महिना चुकीचा होता

त्या महिन्यात डेबियनच्या अनस्टेबलमध्ये एक मोठं काम चालू होतं. संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या ३२ बिटच्या हिशेबात हा आकडा १९ जानेवारी २०३८ला भरतो. डबा भरला की पुढचा सेकंद मावत नाही, आणि तारीख एकदम मागे १९०१ सालात जाते. त्यामुळे डेबियनने वेळेचा डबा ६४ बिटचा करायला घेतला. त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली, नावापुढे ‘टी सिक्स्टीफोर’ लागलं.

गंमत अशी की बहिणीचा लॅपटॉप मुळात ६४ बिटचा, त्यात वेळेचा आकार बदलणार नव्हता. पण पॅकेजांची नावं तिथेही बदलली. मग काही दिवस अशी अवस्था होती की अर्धी पॅकेजं नवं नाव मागतायत, अर्धी जुनं, आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. फुल अपग्रेडने तिढा सोडवला, पण कसा? डेस्कटॉपची पॅकेजं जुनं नाव मागत होती, म्हणून डेस्कटॉपच काढून टाकला.

यात डेबियनची चूक नाही. अनस्टेबल असते ती अशा कामांसाठीच. घर रंगवायला काढलंय असा फलक बाहेर लावलेला होता. आम्ही तरी पांढरे कपडे घालून भिंतीला टेकलो.

आणि मशीनने सांगितलं नव्हतं असंही नाही. ॲप्ट आपण केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतं. व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते. रात्री साडेबाराला ती उघडली, तर तारीख, वेळ, मी दिलेली कमांड, आणि खाली ‘रिमूव्ह’ या शब्दापुढे काढलेल्या पॅकेजांची लांबलचक रांग. माझ्याच ‘वाय’ची पावती.

डेस्कटॉप परत टाकायचा प्रयत्न केला. ॲप्ट म्हणालं, डिपेन्डन्सी जुळत नाहीत. लायब्ररींचा तो घोळ निस्तरायला डेबियनच्याच लोकांना पुढे बरेच दिवस लागणार होते. आमच्याकडे नऊ तास होते.

मग व्हायव्हा कसा झाला?

इथे बहिणीने डोकं लावलं. ती म्हणाली, “दादा, माझ्या फाइल आहेत ना?”

होत्या. हे तुम्हीही लक्षात ठेवा. पॅकेज गेलं म्हणजे प्रोग्रॅम गेला, तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल जात नाहीत. काळ्या पडद्यावर लॉगिन केलं, फोल्डर उघडलं, सगळा कोड जागेवर. पायथनही जागेवर.

“मग सर्व्हर चालेल,” ती म्हणाली. “दाखवायला ब्राउझर लागतो. तो माझ्या फोनवर आहे.”

बघा, मी चार तास डेस्कटॉप परत आणण्याच्या मागे लागलो होतो आणि तिला डेस्कटॉपची गरजच नव्हती. लॅपटॉप तिच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेला होताच. काळ्या पडद्यावरून फ्लास्कचा सर्व्हर सुरू केला, बाहेरून जोडता येईल असा पत्ता दिला, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी टाकला. बचत गटाचा हिशेब फोनवर उघडला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, लॅपटॉप बंद आहे का? तिने खरं ते सांगितलं: डेस्कटॉप उडालाय सर, पण सर्व्हर चालू आहे, तुमच्या फोनवरही उघडून दाखवते. पास झाली, चांगल्या मार्कांनी.

पण घरी आल्यावर मला म्हणाली, “आता या मशीनवर अपडेट हा शब्द काढायचा नाही.”

मी काय बोलणार? म्हटलं, बरं.

आणि ही झाली दुसरी चूक. तिचीही आणि माझीही. तिकडे येतोच, त्याआधी यादीबद्दल थोडं.

यादीत काय बघायचं

पॅकेजं वाचायची म्हणजे चारशे नावं पाठ करायची नाहीत. बघायच्या गोष्टी मोजक्याच.

पहिली, शेवटची गोळाबेरीज. किती अपग्रेड होणार, किती नवीन येणार, किती ‘रिमूव्ह’ होणार. रिमूव्हसमोर शून्य असेल तर बहुतेक वेळा निर्धास्त राहा. एखाद-दुसरं असेल तर नाव बघा. पन्नास असतील तर हात कीबोर्डवरून उचला.

दुसरी, काढायच्या यादीत ओळखीची नावं आहेत का? डेस्कटॉप, नेटवर्क, लॉगिन, तुम्ही रोज वापरता तो डेटाबेस. असतील तर एन दाबा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. एन दाबल्याने काहीही बिघडत नाही.

तिसरी, किती डेटा उतरणार. आपण सगळे दिवसाच्या कोट्यावर जगणारी माणसं, तर हे आधी बघायला नको का?

डेबियन १३ बरोबर आलेल्या नव्या ॲप्टमध्ये काढायची पॅकेजं लाल रंगात आणि यादीच्या शेवटी दाखवतात. म्हणजे न वाचणारे आपण एकटेच नाही, बनवणाऱ्यांनाही ते माहीत आहे.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सांगतो. लायनस सेबॅस्टियन, ‘लायनस टेक टिप्स’वाला, तुमच्यातले बरेच जण बघत असतील. नोव्हेंबर २०२१मध्ये त्याने पॉप ओएसवर गेमसाठी स्टीम टाकायला घेतलं. त्या वेळी तिथल्या पॅकेजमध्ये घोळ होता. ॲप्टने इशारा दिला, की अत्यावश्यक पॅकेजं निघतील, खरंच करायचं असेल तर पूर्ण वाक्य टाइप कर: “येस, डू ॲज आय से!” त्याने केलं. डेस्कटॉप उडाला, तेही कॅमेऱ्यासमोर. लाखो लोकांनी बघितलं. पुढे ॲप्टने वाक्य टाइप करून जाण्याची ही वाटच बंद केली.

आधी तालीम करायची असेल तर तीही सोय आहे. कमांडमध्ये डॅश एस लावा. एस म्हणजे सिम्युलेट. काय होईल ते सगळं सांगतं, करत काहीच नाही.

एकेरी रूळ

आता एक एरर, जो तुम्हाला कधी ना कधी भेटणारच. ‘कुड नॉट गेट लॉक’.

कर्जतहून खोपोली लोकलने आला असाल तर हे लगेच कळेल. पळसदरीच्या पुढे हा मार्ग एकेरी आहे. एक गाडी आत असताना समोरून दुसरी सोडत नाहीत. पॅकेजांची नोंदवही तशीच आहे. एका वेळी एकानेच लिहायचं. मागे सॉफ्टवेअर सेंटर उघडं असेल, किंवा सुरक्षेचे अपडेट आपोआप चालू असतील, तर तुमच्या ॲप्टला थांबावं लागतं.

नेटवर शोधलं की कोणीतरी सांगतं, लॉकची फाइल डिलीट कर. करू नका. ते सिग्नल काढून फेकण्यासारखं आहे. गाडी तर आतच आहे! पाच-दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

आणि अपग्रेड चालू असताना लाइट गेली, बॅटरीही संपली, तर? पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. मशीन चालू झालं की सुडो, डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, मग डॅश ए. म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं पूर्ण कर. त्यानंतर सुडो ॲप्ट, दोन डॅश फिक्स डॅश ब्रोकन, इन्स्टॉल. दहातल्या आठ-नऊ वेळा एवढ्यावर काम होतं.

पिप आणि ॲप्टचं भांडण

कोड लिहिणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा.

तुमच्या मशीनवर दोन प्रकारची पॅकेजं असतात. एक मशीनची, जी ॲप्ट सांभाळतं. दुसरी तुमच्या प्रोजेक्टची, जी पिप किंवा एनपीएम आणतं. यांची मिसळ करू नका. सिस्टिममधली बरीच कामं पायथनवर चालतात. तुम्ही सुडो पिप इन्स्टॉल करून एखादी लायब्ररी वर-खाली केलीत, की ॲप्टला पत्ता नसतो आणि सिस्टिमचं एखादं काम अडतं.

म्हणून डेबियन १२पासून आणि उबुंटू २३.०४पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवलं की एरर येतो: ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. त्यावर उपाय म्हणून एक पर्याय सर्रास सुचवला जातो, दोन डॅश ब्रेक डॅश सिस्टिम डॅश पॅकेजेस. अरे, नाव तरी वाचा! सिस्टिमची पॅकेजं मोडा, असं त्यातच लिहिलंय.

बरोबर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची खोली: पायथन थ्री, डॅश एम, व्हीएनव्ही, आणि फोल्डरचं नाव. तिच्यात काय टाकायचं ते टाका. लागणाऱ्या लायब्ररींची यादी रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. खोली मोडली तर पुन्हा बांधायला दोन मिनिटं लागतात. बहिणीचा प्रोजेक्ट त्या रात्री चालला तो यामुळेच. तिने सगळं स्वतःच्या खोलीत ठेवलं होतं. हे मात्र मी शिकवलेलं, एवढं श्रेय घेऊ द्या.

मार्चचा शेवटचा शुक्रवार

आता ती दुसरी चूक.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा, पोस्टग्रेसवर काम करणारा एक डेव्हलपर. त्याच्या लक्षात आलं की डेबियनच्या अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, नेट स्लो असेल. तो खणत गेला. आणि त्याला सापडलं की ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला तुमच्या मशीनवर बाहेरून हवी ती कमांड चालवता येईल असा.

हे काम करणारं खातं ‘जिया टॅन’ या नावाचं. त्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. मूळ सांभाळणारा लासे कॉलिन जवळपास एकटाच, फावल्या वेळात काम करणारा आणि थकलेला. त्याच्या हातून हळूहळू सूत्रं घेतली, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये हा प्रकार घुसवला.

आता ऐका. डेबियनची स्टेबल आवृत्ती वाचली. उबुंटूच्या बाहेर पडलेल्या आवृत्त्या वाचल्या. माल पोचला होता तो डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, फेडोराच्या रॉहाइडमध्ये. म्हणजे नवीन ते चांगलं म्हणणाऱ्यांकडे.

बातमी वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. मार्चच्या मध्यावर केलेलं ते फुल अपग्रेड! बहिणीला फोन केला. म्हटलं, टर्मिनल उघड आणि एवढं टाइप कर: डीपीकेजी, डॅश एल, एक्सझेड डॅश युटिल्स. तिने आकडा वाचला: पाच, पॉइंट सहा, पॉइंट शून्य.

आणि त्या लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर चालू होता. तोही मीच टाकलेला, कर्जतहून तिला मदत करता यावी म्हणून.

मोबाइलच्या नेटवर बाहेरून थेट त्या लॅपटॉपपर्यंत पोचणं कठीण, त्यामुळे धोका कमी होता. पण आधी एसएसएच बंद केलं. मग ती म्हणाली, “दादा, आपण अपडेट करायचं नाही असं ठरलंय ना?”

मंडळी, हाच तो क्षण. एकदा पोळलो म्हणून आम्ही अपडेटच बंद केलं होतं. बातमी नजरेतून सुटली असती तर तो चोरदरवाजा तिथेच राहिला असता, कोण जाणे किती महिने. न वाचता वाय दाबणं आणि न वाचता अपडेट टाळणं, दोन्हीत आपण डोळे मिटलेलेच असतो.

त्या दिवशी पूर्ण अपग्रेड केलं नाही. अपडेट करून ताजी यादी आणली आणि फक्त एक्सझेडची पॅकेजं टाकली. आधी तालीम केली. तिने फोनवर मला शेवटची गोळाबेरीज वाचून दाखवली: “रिमूव्ह शून्य.” म्हटलं, दाब वाय.

नव्या आवृत्तीचा आकडा मजेशीर होता: ५.६.१, पुढे अधिकचं चिन्ह, मग ‘रिअली’, मग ५.४.५. म्हणजे वरून ५.६.१, पण खरं तर जुनं ५.४.५. असं का? कारण ॲप्ट कमी आकड्याला जुनं समजतं आणि स्वतःहून मागे जात नाही. म्हणून मागचा चांगला माल वाढीव आकड्याच्या पिशवीत घालून पाठवला.

आणखी एक गोष्ट यातून कळली. ॲप्ट प्रत्येक यादीवरची डिजिटल सही तपासतं. म्हणून कुठल्याही साइटवरून उचललेल्या फाइलपेक्षा आपल्या वितरणाचं भांडार भरवशाचं. पण सही एवढंच सांगते की माल त्याच दुकानातून आला. मूळ मालातच खोट असेल तर ती सहीत दिसत नाही. मावशी ठरलेल्या पालावर जाते, तरी बोंबील मोडून बघते, ते यासाठीच.

आता आम्ही काय करतो

त्या एप्रिलमध्ये आम्ही फाइलींची कॉपी काढून लॅपटॉप कोरा केला आणि डेबियन स्टेबल टाकलं. अनस्टेबलवरून नुसतं मागे येण्याचा अधिकृत रस्ता नाही, नव्यानेच टाकावं लागतं. तेव्हापासूनचे नियम सांगतो.

ज्या मशीनवर काम अडतं त्यावर स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस. नवीन काही चाखायचं तर कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये.

सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी. आमचा रविवार. परीक्षा, डेमो, मुलाखत असेल तर आदल्या दिवशी नाही, नंतर.

डेटा कमी असेल तर कॉलेजच्या वाय-फायवर अपग्रेडला दोन डॅश डाउनलोड डॅश ओन्ली लावा. पॅकेजं नुसती उतरतात. घरी येऊन निवांत टाका. शेवटी ॲप्ट क्लीन केलं की उतरवलेल्या फाइलींची जागा मोकळी होते.

मोठ्या अपग्रेडआधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट, आणि कोडची कॉपी मशीनबाहेर.

बाहेरचं भांडार जोडण्याआधी, किंवा कर्ल करून थेट सुडो बॅशला देणारी ओळ पेस्ट करण्याआधी, मावशीचा प्रश्न विचारा: माल कुठला?

डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये आलं. बहिणीने काही आठवडे थांबून, रिलीज नोट्स वाचून, स्वतः अपग्रेड केलं. पायथन ३.११वरून ३.१३वर गेलं, तिच्या प्रोजेक्टची खोली मोडली. तिने रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून पुन्हा बांधली. मला फोन आला तो सगळं झाल्यावर.

ज्यांना हे मराठीत शिकायचंय त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे जरूर बघा.

बाकी, बचत गटाची ती वेबसाइट अजून चालू आहे. मावशीच्या गटातल्या बायका दर महिन्याला तिच्यावर हिशेब बघतात. आणि मशीन अपडेट करायचं असलं की बहीण आता मला हात लावू देत नाही. म्हणते, “दादा, तू ओट्यावर बस. यादी मी वाचते.”

चला, मावशी जेवायला बोलावतेय. बोंबलाचं कालवण आहे, त्यामुळे थांबता येणार नाही. तुमचा काळा पडदा कधी झाला ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत वाय दाबा, पण वाचून.